अभिप्राय

मॅडम, तुमचा फॉर्म अजून ड्रॉवरमध्येच आहे.
'प्रशिक्षणाचा कामात उपयोग झाला का?'
पुढे दोन चौकोन, होय आणि नाही,
'इतर'साठी दीड ओळ.
दीड ओळीत मावेना,
म्हणून जुन्या पंचनाम्याच्या पाठीवर लिहितोय.
रात्रपाळी आहे. अँटॉप हिल झोपलंय,
म्हणजे झोपल्यासारखं करतंय.

तीन दिवस तुम्ही आम्हाला रंगीत स्केचपेनं दिलीत.
सव्वीस-सव्वीस वर्षं नोकरी झालेली माणसं
वर्तुळं काढत बसलो,
सहानुभूती हे, समानुभूती ते.
तांडेल म्हणाला, दोन्हींच्या मध्ये लॉकअप काढू का?
हसलो सगळे. तुम्हीही.

मग नाटक. तांडेल पोलीस, मी मार खाल्लेली बाई,
पदर म्हणून माझाच नॅपकिन डोक्यावर.
तांडेल आमचं नेहमीचं बोलला:
घरगुती आहे, बसून मिटवा.
आणि माझ्या तोंडून निघालं,
"मग घरी जाऊ का?"

हे तुमच्या कागदात नव्हतं, मॅडम.
हे माझ्या बहिणीचं वाक्य.
अठ्ठ्याण्णव साल, नायगावची पोलीस लाइन,
माझ्या खाकीला अजून खळीचा वास,
आणि मी तिला हो म्हणालो होतो.
तुम्ही टाळ्या वाजवल्यात.
मी संडासात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

हे झालं प्रशिक्षण. आता उपयोग.

परवा रात्री दोनला पुष्पवल्ली आली,
कोळीवाड्यामागच्या चाळीतली.
पायात चप्पल नाही, हातात कुकर.
दर दोन महिन्यांनी येते. एन.सी. होते,
सकाळी सासू येते, एन.सी. विरघळते.
कुकर कशाला, विचारलं.
"तो फेकणार होता. आत सांबार आहे."

तुम्ही शिकवलंत तसं केलं.
खुर्ची टेबलाच्या अलीकडे, तिच्या बाजूला घेतली.
टोपी काढली. पाणी दिलं.
म्हटलं, सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा, घाई नाही.
ती बघत राहिली,
मारणारा माणूस एकाएकी गोड बोलला की बघतात तसं.
मग म्हणाली, साहेब, आधी एक सांगा.
तुम्ही ऐकताय का लिहिताय?

मॅडम, इथे तुमची फाइल संपते.
ऐकतोय म्हटलं तर ती सगळं सांगेल.
तिनेही तवा उचलला होता, हेही.
पोरगं शाळेच्या वेळात कुणाच्या पुड्या पोचवतं, हेही.
आणि हे कान सरकारी आहेत,
त्यांत पडलेलं परत काढून देता येत नाही.
लिहितोय म्हटलं तर ती उठेल.
आणि नाहीच लिहिलं तर
माझं ऐकणं घेऊन ती कुठल्या कोर्टात जाईल?

मी पेन मिटवलं. उघडलं. परत मिटवलं.
तेवढ्यात लॉकअपमधून आवाज आला,
मोबाइल चोरीतला एकोणीस वर्षांचा पोरगा:
"सांबारचा वास येतोय."
ती उठली. तिने माझ्याकडे ग्लास मागितला.
बाहेरचं अन्न द्यायचं नाही, नियम मला पाठ आहे.
मी पंख्याकडे बघत राहिलो.
गजांतून तिने ग्लास आत दिला, आणि तो पीत असताना
त्याला विचारलं, आई आहे का?
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात माहीत नाही.
आमच्या भाषेत निलंबन म्हणतात.

मग ती बोलली. पहाटे चारपर्यंत.
अर्धं मी लिहिलं.
कोणतं अर्धं, ते मीच ठरवलं,
तिला न विचारता.

तर शिकवा आम्हाला, जरूर शिकवा.
पण रात्री दोनला उघडं असेल
असं आणखी एक दार या रस्त्यावर असू दे,
जिथे खुर्चीत कुणी खाकी घालून बसलेलं नाही.

चौकोन मोकळाच सोडतोय.
कुकरची शिट्टी माझ्या टेबलावर राहिली आहे.
मुद्देमालात नोंदवली तर अडकेल.
द्यायला गेलो तर
पोलीस घरी आला होता, असं होईल.